धामापूरचा नारद : एका शॉटची पार्श्वभूमी

माझ्या शोरीलमधला (कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओतला) पहिला शॉट चार सेकंदांचा आहे, म्हणजे 100 फ्रेम. धामापूरच्या तळ्यावर नारद उतरतो. तळं खरं, पाऊस खरा. नारद म्हणजे माझा आतेभाऊ, तो दशावतारातही नारदच करतो. शूटिंगच्या वेळी मात्र तो आमच्या खळ्यात स्टुलावर उभा होता.

कॉलेजात शिकवलं तसं मी मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं. आषाढात, कोकणात, हिरवं! माड हिरवे, पोफळी हिरव्या, चिऱ्यावरचं शेवाळ हिरवं आणि त्या सगळ्यावरून परतून येणारा उजेडही हिरवट. त्यात नारदाच्या कमरेला पोपटी शेला. संगणकावर की मारली, म्हणजे मागचं तळं दिसावं म्हणून हिरवा रंग काढून टाकला, आणि आतेभाऊ स्क्रीनकडे बघून ओरडला, "रे मेल्या, माझी कंबर खंय गेली?"

मुळात हा पडदा हिरवा नव्हताच. 1898 मध्ये फ्रान्सच्या चित्रपटकार जॉर्ज मेलिएसने स्वतःचीच तीन डोकी टेबलावर मांडून दाखवली, ती काळ्या पडद्याच्या जोरावर. काळ्या भागाचा उजेड फिल्मवर पडत नाही, ती जागा कोरी राहते; फिल्म मागे गुंडाळून तिथे दुसरं चित्र घ्यायचं. यात नट आपल्या जागेवरून हलला की घोटाळा. फ्रँक विल्यम्सने 1918 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत नटाची काळी आकृती फ्रेमगणिक वेगळी काढली जाई, त्यामुळे त्याला हिंडाफिरायची मुभा मिळाली. निळा पडदा रंगीत चित्रपटात ठसला तो लॅरी बटलरमुळे, 1940 च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये. निळाच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग सगळ्यात कमी.

आमच्याकडे निळं काय? पावसाळ्यात लाकडांवर टाकलेली ताडपत्री! तीच काढली. (लाकडं भिजली, आईची बोलणी खाल्ली.) ताडपत्री चकाकते, तिच्या घड्या पांढऱ्या दिसतात, तरी कंबर शाबूत राहिली.

केस मात्र कापल्यासारखे दिसत होते. त्यावरचा तोडगा पेट्रो व्लाहोसचा, 'बेन-हर'च्या (1959) वेळचा. 'हा बिंदू निळा आहे का' असं विचारायचं नाही. 'निळा हिरव्यापेक्षा किती वरचढ आहे' ते मोजायचं. मग केस, धूर, ओला झिरझिरीत शेला अर्धवट पारदर्शक राहू शकतात. आजचे बहुतेक कीअर (पडद्याचा रंग काढणारी साधनं) याच वजाबाकीवर उभे आहेत. ती मी नोड (सॉफ्टवेअरमधले एकेका क्रियेचे ठोकळे) जोडून हातानं करून पाहिली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पण निळ्या भागात वाळूसारखी दाणेदार खरखर होती. मोबाइलच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरवा भाग स्वच्छ येतो. डिजिटल कॅमेरे आल्यावर पडदे हिरवे झाले, त्याचं हे एक मोठं कारण.

गावात लोक म्हणतात, हे तर आमच्या ट्रिकसीनयुक्त दशावतारात आधीपासूनच आहे. मला ते पटत नाही. ट्रिकसीन प्रेक्षकांसमोर एका जागी, एका वेळी घडतो. कॉम्पमध्ये, म्हणजे चित्रं जोडण्याच्या या कामात, दोन वेगळ्या वेळची, दोन वेगळ्या उजेडातली चित्रं एका चौकटीत नांदवायची असतात, आणि सगळी भांडणं चित्रांच्या कडांवर होतात.

माझंही तसंच झालं. नारदाभोवती बारीक काळी कड, पेन्सिलने गिरवल्यासारखी. दोन रात्री गेल्या, त्यातली एक लाईट नसल्यामुळे. उत्तर 1984 च्या एका निबंधात होतं. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्यात चित्रावर चित्र ठेवण्याचं गणित मांडलं. प्रत्येक बिंदूसोबत तो किती झाकतो याचा आकडा ठेवायचा, तो अल्फा. आणि रंग त्या आकड्याने आधीच गुणून ठेवायचा. माझ्याकडे तो गुणाकार दोनदा होत होता, म्हणून कडा काळवंडत होत्या. एक नोड काढला, कड गेली.

शॉट घरी दाखवला. आजीने दोनदा पाहिला आणि विचारलं, "तेची पाण्यात सावली खंय?"

नारदाचा थर उलटा केला, तळ्याच्या लाटांनी थोडा हलवला, पावसाच्या थेंबांखाली घातला. ती सातवी आवृत्ती. शोरीलमध्ये तीच आहे.