412 नंबर आणि लाँड्रीवरची खोली

सकाळचे साडेसात वाजले होते, मी डबा भरत होते आणि फोन वाजला. तिकडे अमेरिकेत रात्रीचे दहा. फोन वाळपईच्या एका मुलीचा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आवाज रडवेला. "टीचर, माझा नंबर 412 आला. आता चांगली खोली विसरायची."

तिच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला विद्यापीठ देईल त्या खोलीत राहायचं. दुसऱ्या वर्षापासून कॅम्पसवरच्या खोल्यांची सोडत निघते. आपल्याला म्हाडाची सोडत माहीत असते, पण हिच्यात एक फरक आहे. म्हाडाच्या चिठ्ठीतून घर लागतं किंवा लागत नाही. इथे चिठ्ठीतून निघतो तो फक्त रांगेतला क्रम. आपली पाळी आली की उरलेल्यांतली आपल्याला हवी ती खोली घ्यायची. साधारण नऊशे मुलांत हिचा क्रम 412.

मी म्हटलं, "नंबर राहू दे. नियम काय आहे ते आधी सांग." नियम तिने वाचलाच नव्हता. तो आम्ही दोघींनी मिळून वाचला आणि त्या बोलण्यातूनच हा लेख झाला. आपल्याकडे गोव्यातही ताळगावच्या पठारावर, बांबोळीत, फर्मागुढीला, झुआरीनगरात शेकडो मुलं वसतिगृहात राहतात. कुठली खोली मिळते याचं महत्त्व त्यांना सांगावं लागत नाही. पश्चिमेच्या खोलीत जुलैत पाऊस आडवा येतो, गादीला बुरशी धरते, पुस्तकांच्या कडा फुगतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत धगधगत असतो.

मी शिकत असताना आमच्या वसतिगृहातही चिठ्ठ्याच काढत. रेक्टरबाईंनी हजेरीपटाच्या क्रमाने नावं लिहिली, प्रत्येक चिठ्ठीची घडी घातली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा काठोकाठ भरला. झाकण लावून त्यांनी तो आमच्यासमोर चांगला हलवला आणि वरून एकेक चिठ्ठी काढायला घेतली. पहिल्या दहा नावांत सात मुली दुसऱ्या प्रवेशयादीतल्या निघाल्या, म्हणजे हजेरीपटाच्या शेवटच्या पानावरच्या. केवढं भांडण झालं! वशिल्याचा आरोप झाला, दोन मुलींनी वर्षभर एकमेकींशी बोलणं टाकलं. लबाडी कोणीच केली नव्हती. भरलेल्या डब्यात चिठ्ठ्यांना फिरायला जागाच नव्हती. डबा हलला, चिठ्ठ्या होत्या तिथेच राहिल्या आणि शेवटी टाकलेल्या सगळ्यांत वर आल्या.

हीच चूक 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. व्हिएतनामच्या युद्धासाठी कोणाला आधी भरती करायचं हे ठरवायला वर्षाच्या 366 तारखा प्लॅस्टिकच्या कुप्यांत घालून एका खोल काचेच्या बरणीतून काढल्या. पहिली निघाली 14 सप्टेंबर. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्या गेल्या नव्हत्या. डिसेंबरच्या 31 तारखांपैकी 26 तारखा पहिल्या निम्म्या क्रमांकांत आल्या. डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला रणांगणावर जाण्याचा धोका जास्त, कारण काय तर बरणी पुरेशी हलवली नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली.

आता हे काम संगणक करतो, म्हणून ते आपोआप बरोबर होतं असं नाही. समजा तीन नावांची यादी आहे. बरेच जण असा प्रोग्रॅम लिहितात: पहिल्या जागेवरचं नाव तीनपैकी कुठल्याही जागेवरच्या नावाशी बदला, मग दुसऱ्या जागेवरचं, मग तिसऱ्या. दिसायला छान ढवळल्यासारखं दिसतं. पण दर वेळी तीन पर्याय म्हणजे एकूण 3×3×3 = 27 वाटा होतात. तीन नावांचे क्रम मात्र सहाच. 27 वाटा सहा क्रमांत सारख्या वाटता येतच नाहीत, म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणार. बरोबर पद्धत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी 1938 मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिली होती. उरलेल्या नावांतून एक उचला, बाजूला लिहा, यादीतून खोडा, पुन्हा उरलेल्यांतून उचला. वाटा 3×2×1, म्हणजे बरोबर सहा. प्रत्येक क्रमाला एकच वाट.

चिठ्ठी पहिल्यांदा उचलण्यासाठी मुलं जी धक्काबुक्की करतात, तिचा मात्र काही उपयोग नसतो. साठ चिठ्ठ्यांत बारा चांगल्या असतील, तर पहिलीलाही पाचात एक संधी आणि शेवटचीलाही पाचात एकच. आधीच्या मुलींनी चांगल्या चिठ्ठ्या नेल्या असतील तशा वाईटही नेल्या असतील.

माझ्या मते मुलांनी खरं लक्ष द्यायचं ते यापुढे. नंबर हातात आल्यावर पसंतीची यादी भरायची असते आणि ती खरी भरावी की हिशेब करून, हे नियमावर ठरतं.

समजा तीन मुली आणि तीन खोल्या आहेत. एक बाल्कनीची, एक साधी, एक संडासांना लागून. शेवंतीचा नंबर पहिला, ऋतुजाचा दुसरा, ममताचा तिसरा. शेवंती आणि ऋतुजाला बाल्कनी हवी, ती नसेल तर साधी. ममताला आधी साधी, मग बाल्कनी. तिसरी खोली कोणालाच नको. नंबराप्रमाणे एकेकीने निवडलं तर शेवंतीला बाल्कनी, ऋतुजाला साधी आणि ममताला उरलेली. यात ऋतुजाने पसंती खरी लिहिली म्हणून तिचं काही बिघडलं नाही.

आता नियम बदलू. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या पाहायच्या, जमतील त्या देऊन टाकायच्या आणि मग दुसऱ्या पसंतीकडे वळायचं. ऐकायला हा नियम जास्त प्रेमळ वाटतो. बाल्कनीवर दोघींचा दावा, ती शेवंतीला गेली. साधी खोली ममताने पहिली लिहिली होती, ती तिला मिळाली. ऋतुजा दुसऱ्या पसंतीला येते तर खोली गेलेली. नंबर ममतापेक्षा चांगला असूनही संडासाजवळची खोली तिच्या वाट्याला. तिने खोटं लिहिलं असतं, साधी खोली पहिली टाकली असती, तर ती तिला मिळाली असती. म्हणजे हा नियम खरं बोलणाऱ्या मुलीला शिक्षा करतो आणि इतरांचा अंदाज बांधून लिहिणारीला बक्षीस देतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आपण पहिल्याच फॉर्मवर खोटं लिहायला का शिकवावं? बॉस्टन शहरात शाळाप्रवेश अशाच नियमाने होत असत. 2005 मध्ये त्यांनी तो सोडून दिला.

माझ्या विद्यार्थिनीकडे पहिल्या प्रकारचा नियम होता. इतरांचा विचार करायची तिला गरजच नव्हती. पण तिने काय केलं होतं? सगळे ज्या इमारतीची तारीफ करतात तिच्यातल्या पाच खोल्या लिहून यादी संपवली होती. 412 नंबरला त्या पाचही गेलेल्या असणार आणि यादी संपली की उरलेली कुठलीही खोली विद्यापीठ देणार. मी म्हटलं, "चाळीस लिही. आणि लोकांना आवडणाऱ्या नाही, तुला आवडणाऱ्या." मागच्या वर्षी कुठली इमारत कितव्या नंबरला भरली ते कळतं का बघ, असंही सांगितलं. आपल्याकडे प्रवेशाचा कट-ऑफ बघतात तसंच. फक्त तो आकडा पाहून हवी ती खोली यादीतून काढायची नाही. या नियमात वर लिहिलेली खोली मिळाली नाही, तरी खालच्या खोलीची संधी कमी होत नाही.

आधीपासून राहणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. सुलक्षाच्या गुडघ्याचं दुखणं आहे आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. तिला तळमजला हवाय. पण सोडतीत उतरायचं तर हातातली खोली सोडावी लागते आणि नंबर वाईट आला तर असलेलीही गेली. म्हणून ती गप्प बसते. तिची तिसऱ्या मजल्यावरची उजेडाची खोली जिला हवी होती, तिचंही काम अडतं. अतिला अब्दुलकादिरोलू आणि तैफुन सोन्मेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये यावर फार सुंदर तोड सुचवली. सगळ्यांनी सोडतीत उतरायचं. समजा पहिल्या नंबरच्या कविताने सुलक्षाची खोली मागितली. मग कविताने क्षणभर थांबायचं आणि सुलक्षाने रांगेत तिच्यापुढे येऊन उभं राहायचं. सुलक्षाने तळमजल्याची खोली घेतली की तिची जुनी खोली कविताची. मनासारखं काही नसेल तर सुलक्षा आपल्याच खोलीत राहते आणि कविता दुसरं काही मागते. सुलक्षाने आणखी एखाद्या जुन्या मुलीची खोली मागितली, तर ती मुलगी तिच्यापुढे येते. असं करत साखळी फिरून पहिलीपाशी आली, तर सगळ्यांनी एकदमच खोल्या बदलायच्या. आहे त्यापेक्षा वाईट खोली कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि खोटं लिहून कोणाचा फायदाही होत नाही.

साखळी फिरवून अदलाबदल करायची ही कल्पना मुळात डेव्हिड गेल यांची. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या 1974 च्या निबंधातून ती जगापुढे आली. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यांत आवडणाऱ्या खोलीच्या मालकाकडे बोट दाखवायचं. माणसं कितीही असोत, बोटांची निदान एक साखळी बंद होतेच. त्या साखळीतल्यांनी बदल करून बाहेर पडायचं, उरलेल्यांनी पुन्हा बोट दाखवायचं. आपला नातेवाईक रुग्णाला मूत्रपिंड द्यायला तयार आहे पण ते जुळत नाही, अशा कुटुंबांमध्ये देवाणघेवाण घडवण्यासाठी ॲल्विन रॉथ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हीच कल्पना पुढे नेली. भारतातही 2011 च्या कायदादुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांमध्ये अशी अदलाबदल करायला वाट मिळाली. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याच कल्पनेतून निघालेला एक निष्कर्ष मी दरवर्षी वर्गात सांगते. एका वसतिगृहात आधी नंबर काढतात आणि मग मुली क्रमाने खोल्या निवडतात. दुसऱ्यात खोल्या डोळे मिटून वाटतात आणि मग वरच्या साखळीच्या पद्धतीने अदलाबदल होते. कुठली पद्धत बरी? 1990 च्या दशकात आधी डोनाल्ड नूथ यांनी आणि स्वतंत्रपणे अब्दुलकादिरोलू आणि सोन्मेझ यांनी सिद्ध केलं की काही फरक नाही. अमुक मुलीला अमुक खोली मिळण्याची शक्यता दोन्हीकडे तंतोतंत सारखी.

मैत्रिणींनी एकत्र अर्ज करायचा असेल, तर गटाचा नंबर कसा धरतात ते विचारावंच. चौघींतला सगळ्यांत चांगला नंबर धरत असतील, तर निदान एकीचा नंबर पहिल्या 20 टक्क्यांत यायची शक्यता जवळपास 59 टक्के होते. एकटीने अर्ज करणारीला ती 20 टक्केच. सगळ्यांत वाईट नंबर धरत असतील, तर चौघीही पहिल्या 20 टक्क्यांत येणं हजारात एक-दोनदाच घडेल. सरासरी धरत असतील, तर बहुतेक गट मधेच घुटमळतात. एकटी राहणारी, लाजरी, नवीन आलेली मुलगी पहिल्या नियमात उगाच मागे पडते. हा नियम करणाऱ्यांनी तिचा विचार करायला हवा.

खोलीला पसंती नसते, पण जोडीदाराला असते. त्यामुळे खोलीतली जोडी ठरवणं खोली ठरवण्याहून कठीण. स्नेहाला पूजा हवी, पूजाला तन्वी, तन्वीला स्नेहा. दीक्षा तिघींच्याही यादीत शेवटी. स्नेहा-दीक्षा आणि पूजा-तन्वी अशा जोड्या लावल्या, तर तन्वी स्नेहाकडे जाईल आणि स्नेहा आनंदाने तिला घेईल. मग पूजाजवळ दीक्षा उरते आणि आता स्नेहाला पूजा खुणावते. कशाही जोड्या लावा, कोणीतरी दोघी उठून एकमेकींकडे जाणारच. हे गेल आणि शॅप्ली यांनी 1962 मध्येच दाखवलं होतं. टिकणाऱ्या जोड्या आहेत का, असतील तर कुठल्या, हे झटपट शोधायची रीत रॉबर्ट अर्व्हिंग यांनी 1985 मध्ये दिली. खोलीत दर महिन्याला भांडणं होत असतील, तर दोष दरवेळी मुलींच्या स्वभावाचा नसतो हे रेक्टरनी ध्यानात ठेवावं.

आठवड्याने पुन्हा फोन आला. तिने रविवारी सगळ्या इमारती पायी हिंडून बघितल्या होत्या आणि नवीन यादी केली होती. सगळ्यांत वर एक अशी खोली होती जिचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं. खाली लाँड्री, वर ही खोली. यंत्रांचा आवाज येतो म्हणून मुलं ती टाळतात. 411 जण निवडून गेले तरी ती शिल्लकच होती. आवडीनिवडी जितक्या वेगळ्या, तितका नंबराचा जोर कमी. हे मी तिला गणितात सांगितलं होतं, ते तिने पायांनी फिरून पाहिलं.

तिने फोटो पाठवला. खिडकीत दोरी, दोरीवर टॉवेल. खाली लिहिलं होतं, "टीचर, जमीन गरम असते. कपडे एका रात्रीत सुकतात."