औषधांमुळे होणारा हिमोलिटिक ॲनिमिया

लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, मग मुख्यतः प्लीहेत (स्प्लीनमध्ये) मोडली जाते आणि तिच्या जागी बोन मॅरोतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून, नवीन येते. कधीकधी एखाद्या औषधामुळे या पेशी मुदतीच्या आधीच फुटायला लागतात, बोन मॅरोने कितीही जोर लावला तरी भरपाई होत नाही आणि हिमोग्लोबिन खाली येतं, याला औषधजन्य हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. पेनकिलरमुळे पोटात रक्तस्राव होऊन येणारा ॲनिमिया वेगळा, क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने बोन मॅरोच दबतो तेही वेगळं, कारण तिथे मुळात पेशी फुटत नाहीत.

पेशी फुटण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला इम्यून सिस्टीमचा, आणि हा तसा खूप दुर्मिळ आहे. पेनिसिलिन मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस शिरेतून दिलं तर ते पेशीच्या आवरणाला चिकटतं, शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि अशी शिक्का बसलेली पेशी प्लीहेत गिळली जाते, हे सगळं हळूहळू होतं. सेफट्रायाक्सोन या अँटिबायोटिकचं मात्र तसं नाही, आधी हे औषध मिळालेल्या लहान मुलांमध्ये पुढच्या डोसनंतर काही मिनिटांत ते काही तासांत पेशी रक्तवाहिनीतच फुटल्याच्या आणि त्यात मूल दगावल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून डोस दिल्यावर मूल अचानक पांढरंफटक पडलं किंवा लघवी कोकसारखी काळपट झाली तर पुढचा डोस थांबवायलाच हवा. ब्लड प्रेशरच्या मेथिलडोपाची तऱ्हा आणखी निराळी, त्याने शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं.

पेशीवरची ही अँटीबॉडी पकडणारी कूम्ब्स टेस्ट १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरांट आणि रेस या तिघांनी मांडली आणि आजही निदानात तीच आधी करतात. पण टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नाही. मेथिलडोपा घेणाऱ्यांपैकी १० ते २० टक्के लोकांची ती पॉझिटिव्ह येते, पेशी फुटतात त्या फारच थोड्यांच्या.

दुसरा रस्ता ऑक्सिडेशनचा, म्हणजे औषधामुळे ऑक्सिजनच्या रासायनिक माऱ्याने पेशी खराब होण्याचा. पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवायला जी६पीडी नावाचं एन्झाइम लागतं, जगात अंदाजे ४० कोटी लोकांमध्ये ते जन्मतः कमी असतं आणि बहुतेकांना याचा पत्ताच नसतो कारण एरवी काहीच त्रास होत नाही. मलेरियाचं प्रायमाक्विन घेतल्यावर काही जणांच्याच पेशी का फुटतात हे कोडं याच एन्झाइममुळे १९५६ मध्ये सुटलं. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, युरिक ॲसिड उतरवणारं रासब्युरिकेस, मेथिलीन ब्लू, लघवीच्या इन्फेक्शनचं नायट्रोफ्युरँटॉइन ही औषधंपण त्याच यादीतली, आणि डॅप्सोनचा डोस जास्त असेल तर एन्झाइम नॉर्मल असलेल्यांच्याही पेशी फुटतात. मलेरियाच्याच टाफेनोक्विनच्या बाबतीत तर आधी एन्झाइम तपासल्याशिवाय गोळी देऊच नये, कारण दोन आठवड्यांनंतरही जवळपास अर्धं औषध शरीरात असतं, त्रास सुरू झाला म्हणून ते बाहेर कसं काढणार?

इथे एक गोष्ट हमखास चुकते. म्हाताऱ्या पेशींत हे एन्झाइम कमी असतं म्हणून आधी त्या फुटतात, उरतात त्या तरुण पेशी, आणि नेमकी त्याच वेळी टेस्ट केली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! शंका असेल तर दोन-तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करावी.

लक्षणं म्हणजे थकवा, धाप, धडधड, फिकटपणा, डोळे पिवळे, गडद लघवी, कधी पाठ-कंबर दुखते. डोळे पिवळे दिसले की सगळे लिव्हरच्या मागे लागतात आणि चालू गोळ्या तशाच चालू राहतात, हे फार वाईट. रक्तात एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर पडणारं एन्झाइम), इनडायरेक्ट बिलिरुबिन (हिमोग्लोबिन मोडून बनणारं पिवळं द्रव्य) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) वाढलेले, हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन पकडणारं प्रोटीन) घटलेलं दिसलं तर पेशी फुटताहेत असं समजायचं आणि गेल्या काही आठवड्यांतल्या प्रत्येक औषधाचं नाव विचारायचं, सलाइनमधून दिलेलंसुद्धा.

खरा उपचार एकच, ते औषध बंद करणं. हिमोग्लोबिन फारच उतरलं तर रक्त चढवतात, स्टेरॉइड बऱ्याचदा देतात पण त्याचा किती फायदा होतो हे नक्की सांगता येत नाही. इम्यून प्रकारात ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, म्हणून नाव फाइलवर ठळक लिहून ठेवतात. औषध थांबवल्यावर हिमोग्लोबिन बहुतेकदा काही आठवड्यांत वर येतं, मेथिलडोपाची कूम्ब्स टेस्ट मात्र त्यानंतरही कित्येक महिने पॉझिटिव्हच येत राहू शकते.