संकेत-ऊर्जा विश्लेषण, वैद्यकीय

हृदय, मेंदू, स्नायू यांच्याकडून मिळणाऱ्या विद्युत् किंवा ध्वनी संकेतांत किती ऊर्जा आहे आणि ती कोणत्या क्षणी, कोणत्या वारंवारतेला एकवटली आहे, हे मोजून रोगनिदानाला मदत करण्याची पद्धत. ऊर्जा हा शब्द येथे गणिती अर्थाने येतो. संकेताचे ठरावीक अंतराने नमुने घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि बेरीज मांडायची. नमुने १, ३ आणि −२ असतील, तर ऊर्जा १ + ९ + ४ = १४. हे उत्तर ज्यूलमध्ये नसते. ‘शरीरातील ऊर्जा’ मोजून देणाऱ्या उपचारांशी तर याचा काडीचा संबंध नाही.

वर्ग केल्याने धन-ऋण चिन्ह जाते आणि मोठे आकडे आणखी वर येऊन लहान दबतात. ईसीजीतला, म्हणजे हृदयाच्या विद्युत् आलेखातला, प्रत्येक ठोका शोधताना नेमके हेच हवे असते. जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली रीत आजही वापरात आहे. संकेत आधी फिल्टरमधून गाळतात, मग त्याचा चढ-उतार किती वेगाने होतो ते काढतात, त्याचा वर्ग करतात आणि सुमारे १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीत बेरीज घेतात. ठोक्यामागून येणारा टी तरंग कधीकधी क्यूआरएसइतका, म्हणजे ठोक्याच्या मुख्य टोकदार तरंगाइतका, उंच असतो, पण त्याचा चढ सावकाश असतो. चढांचे प्रमाण ४ : १ असेल, तर वर्गानंतर ते १६ : १ होते आणि ठोका वेगळा उठून दिसतो. दोन ठोक्यांमधली अंतरे सतत अनियमित निघाली, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकाराची, शंका घेता येते. हृदयविकाराच्या झटक्यात क्यूआरएस आणि टी तरंग यांमधला एसटी भाग वर उचलला गेला आहे का, हे मात्र ऊर्जेवरून समजत नाही. त्यासाठी आलेखाचा आकारच वाचावा लागतो.

हृदयध्वनींत वर्गाचा हाच गुण आड येतो. पहिल्या-दुसऱ्या ध्वनींपुढे हलकी मर्मर (रक्तप्रवाहातल्या खळबळीचा जादा आवाज) दबून जाते. म्हणून तेथे पुष्कळदा शॅनन ऊर्जा घेतात : वर्गाला त्याच्याच लॉगॅरिदमने गुणून चिन्ह उलटे करायचे. त्यामुळे मध्यम तीव्रतेचे आवाज वर येतात.

ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत् आलेखात, एकूण बेरजेपेक्षा तिची वारंवारतेनुसार वाटणी महत्त्वाची. संकेताची ऊर्जा काळानुसार मोजा की वारंवारतेनुसार, बेरीज तीच येते, हा पार्सव्हालचा सिद्धांत या वाटणीच्या मुळाशी आहे. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचे पहिले आलेखन केले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा पट्टा वाढतो, उघडले की ओसरतो. ४ हर्ट्झखालचा डेल्टा गाढ झोपेत अपेक्षितच असतो. जाग्या प्रौढात तो डोक्याच्या एकाच बाजूला टिकून राहिला, तर त्या बाजूला काही विकृती आहे का हे तपासावे लागते. अपस्माराच्या झटक्यात ऊर्जा काही सेकंदांत उसळू शकते. पण रुग्ण घास चावत असला तरी ती उसळते, कारण जबड्याच्या स्नायूंचा संकेत मेंदूच्या काही दहा मायक्रोव्होल्टांना सहज झाकून टाकतो. त्यामुळे सरसकट एक मर्यादा ठरवून ती सर्वांना लावणे फसवे ठरते; त्याच व्यक्तीच्या आधीच्या काही मिनिटांशी तुलना करणे बरे.

स्नायू थकू लागला की ईएमजीची, म्हणजे त्याच्या विद्युत् आलेखाची, ऊर्जा खालच्या वारंवारतांकडे सरकते. पार्किन्सनमधला विश्रांतीतला कंप बहुधा ४ ते ६ हर्ट्झला शिखर दाखवतो. इसेन्शियल ट्रेमरचा (मुख्यतः हात कामात असताना उठणाऱ्या कंपाच्या वेगळ्या विकाराचा) पल्लाही याच भागावरून जातो, तेव्हा आकड्याबरोबर हात टेकलेला होता की कामात होता, हेही पाहावे लागते.

ऊर्जेच्या आकड्यात क्रम आणि आकार हरवतात : ३, ०, ०, ० या नमुन्यांची ऊर्जा ९ आणि १.५ चार वेळा आला तरी ९. शिवाय इलेक्ट्रोड नीट चिकटलेला नसेल, तर वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण संकेतात शिरते आणि एकूण ऊर्जा विनाकारण फुगते. अचानक वाढलेला आकडा दिसला की जाणता तंत्रज्ञ आधी इलेक्ट्रोड दाबून पाहतो.