वाहन तपासणीवेळची पोलिसांची वागणूक (सांगली जिल्हा)

वाहन तपासणी म्हणजे रस्त्यावर गाडी थांबवून पोलिसांनी लायसन, गाडीची कागदं, हेल्मेट, नंबरप्लेट बघणं. सांगलीत याला सरसकट नाकाबंदी म्हणतात, नाहीतर नुसतं "पुढं मामा उभे आहेत". दंडाचे आकडे इथं दिलेले नाहीत, गाडी थांबवल्यापासून सोडेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत पोलिसांनी माणसाशी कसं वागायचं, कायदा काय सांगतो आणि सांगली-मिरजेच्या रस्त्यावर काय दिसतं एवढाच विषय आहे. ठाण्याची पायरी कधी न चढलेली माणसं पण पुष्पराज चौकात नाहीतर कॉलेज कॉर्नरला एकदातरी थांबवली गेलेली असतात, त्यामुळे पोलीस खातं चांगलं की वाईट याचं मत बहुतेकांचं त्या पाच मिनिटांवरच बनतं आणि पुढं वर्षानुवर्षं तेच राहतं.

कायदा मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवायलाच लागतं, तिथं "का दाखवू" हा प्रश्न चालत नाही. पण "गणवेशातल्या" हे कलमातच आहे, साध्या शर्टात उभं राहून कुणी कागदं मागत असेल तर त्याला आधी ओळखपत्र विचारण्यात काही उद्धटपणा नाही. कागदं खिशातच पाहिजेत असंही आता नाही, नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालतं. तरीपण "मोबाईलवरचं नको, ओरिजिनल दाखव" असं सांगणारे अजून भेटतात. लायसन जप्त केलंच तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोच द्यावी लागते, आणि कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेतली तर ती नीट सुरक्षित ठेवायची जबाबदारी पण पोलिसांवर येते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती चावीवरून. मोपेड थांबते न थांबते तोच बाजूने हात येतो आणि चावी काढून घेतो, मागं बायको आणि पुढं लहान पोर उभं असतं, गाडी अजून चालू असते, हँडल हलतं. मोटार वाहन कायद्यात अशी चावी हिसकावून घ्यायचा अधिकार देणारं कलम नाही. पळून जातात म्हणून चावी काढतो असं पोलीस सांगतात आणि पळणारी पोरं असतात हे खरं आहे, पण त्यासाठी नंबर टिपता येतो, कॅमेऱ्यात फोटो असतो, चलन घरी पोचतं. चालत्या गाडीच्या हँडलला हात घालण्यात दोघांच्याही जिवाला धोका आहे, ही सवय बंदच व्हायला पाहिजे. तसंच अचानक वळणावर उभं राहून समोर उडी मारणं. ऊसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतरचे चार-पाच महिने, रात्री बिनारिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, अशा रस्त्यावर गाडी कुठं थांबवायची हे ठरवणं सुद्धा वागणुकीतच येतं. उजेड असलेली जागा, लांबून दिसणारे बॅरिकेड आणि गाडी बाजूला घ्यायला जागा, एवढं तरी पाहिजेच.

दुसरी गोष्ट बोलण्याची. पन्नाशीच्या शेतकऱ्याला वीस-पंचविशीतला कॉन्स्टेबल "ए, गाडी बाजूला घे, कागदं काढ" म्हणतो, आणि त्याच्यामागून आलेल्या मोठ्या गाडीवाल्याला "साहेब, जरा लायसन दाखवता का". गुन्हा दोघांचा तोच, सीटबेल्ट किंवा सिग्नल. धोतरातल्या माणसाला दंडाचं वाईट वाटतंच, पण पोरासमोर अरे-तुरे केल्याचं जास्त वाटतं आणि ते तो गावात जाऊन दहा जणांना सांगतो. "काका, हेल्मेट का नाही घातलं, पावती करावी लागंल" एवढं म्हटलं तरी पावती तेवढीच होते, पैसे तेवढेच जमा होतात. असं बोलणारे हवालदार सांगलीत आहेत, लोकांना ते चेहऱ्याने माहीत असतात आणि त्यांच्याकडे पावती फाडताना सहसा कुणी भांडत नाही.

या जिल्ह्यात पोलिसांबद्दल भीती आहे हे पण लिहायला पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्यात पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याचा वाहतूक शाखेशी काही संबंध नव्हता, पण साधं "चल ठाण्यात" म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो तो अशा आठवणींमुळं. म्हणून रस्त्यावर किरकोळ चुकीसाठी ठाण्याची धमकी देणं हे फार वाईट आहे. अटक करायचीच असेल तर ती करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट दिसणारी नावाची ओळख पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पण ते आहे. अटकेतल्या बाईची झडती बाईनेच आणि तिची लाज राखून घ्यायची, हेही कायद्यातच आहे.

मिरजेचा भाग वेगळा आहे. वानलेस मिशन हॉस्पिटल १८९४ चं, त्यानंतर सरकारी मेडिकल कॉलेज आणि गल्लीगल्लीत दवाखाने, त्यामुळे कर्नाटकातल्या अथणी, कागवाड, रायबागकडून रोज पेशंट येतात. म्हैसाळकडून आत येणारी केए नंबरची गाडी बघितली की ती थांबवायची असा काहींचा नेमच झालेला आहे. गाडीत मागच्या सीटवर आजारी म्हातारी, पुढं चालवणाऱ्याला मराठी मोडकंतोडकं येतं, हातात दवाखान्याची फाईल, आणि त्याला अर्धा तास उभं करून "कर्नाटकची गाडी, कागद पूर्ण नाहीत" म्हणत बसायचं. परराज्यातली गाडी तपासायला हरकत नाही, पण नंबरप्लेट बघून माणसाची किंमत ठरवू नये आणि फाईल दिसली की आधी पेशंटला जाऊ द्यावं, चलन मशीनवर नंबर टाकून नंतर पण होतं. सीमाभागात दोन्हीकडं पाव्हणे असलेल्या माणसांना हे फार लागतं.

मशीन आल्यापासून चिरीमिरी कमी झाली का, तर काही ठिकाणी नक्की झाली. ई-चलनात वेळ, जागा, फोटो, कलम सगळं नोंदतं आणि मेसेज मोबाईलवर येतो. जुलै २०२५ मध्ये पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये असा आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने काढला, तो बरोबरच होता. पण मशीनमुळं नवीन कटकट पण आली, जुनी पेंडिंग चलनं स्क्रीनवर दिसतात आणि "आत्ताच सगळं भर, नाहीतर गाडी सोडत नाही" सुरू होतं, पगार आठ दिवसांवर असलेल्या एमआयडीसीतल्या कामगाराकडं तेवढे पैसे नसतात. चलन मान्य नसेल तर त्याची ऑनलाइन तक्रार करता येते आणि कोर्टात पण जाता येतं, हे त्याला तिथं कुणी सांगत नाही.

लोकांची बाजू सगळी स्वच्छ आहे असं अजिबात नाही. पोलिसांनी मे महिन्यात डांबरावर आठ-दहा तास उभं राहायचं, धूर खायचा, लघवीला जायला जागा नाही, त्यात महिला पोलिसांचे हाल तर विचारूच नका, आणि ट्रिपल सीट पोरगं थांबवलं की ते पहिल्यांदा मोबाईल काढून कुणा नगरसेवकाला फोन लावतं आणि तो फोन पोलिसाच्या कानाला लावतं. माझ्या मते वागणूक बिघडायचं मोठं कारण हा फोन आहे, कारण ज्याच्याकडं नंबर आहे तो सुटतो आणि दिवसभराचा राग ज्याच्याकडं नंबर नाही त्याच्यावर निघतो. पोलिसाच्या अंगावर जाणं, गाडी घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे, जुन्या लोकांना तो आधीच्या दंड संहितेतला ३५३ म्हणून माहीत आहे. शांतपणे व्हिडिओ काढणं मात्र त्यात बसत नाही, फक्त कामात आडवं येऊ नये. पोलीस ठाण्यातलं चित्रीकरण सुद्धा शासकीय गुपितं कायद्याखाली गुन्हा होत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे.

तक्रार करायची तर सांगलीत आयुक्तालय नाही, त्यामुळे ती जिल्हा पोलीस अधीक्षकांकडं लेखी द्यायची आणि अर्जावर आवक शिक्का घ्यायचा. पैसे मागितले असतील तर देण्याआधी लाचलुचपतवाल्यांच्या १०६४ नंबरवर फोन करायचा. मोठ्या प्रकरणांसाठी पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्र पोलीस कायद्यात २०१४ पासून आहे. अर्जात तारीख, वेळ, चौक, नेमप्लेटवरचं नाव आणि चलन झालं असेल तर त्याचा नंबर लिहायचा, आणि चौकात कॅमेरा असेल तर त्याचं फुटेज राखून ठेवा असं त्याच अर्जात मागायचं, कारण जुनं फुटेज पुसलं जातं आणि मग तुमचं म्हणणं विरुद्ध त्यांचं म्हणणं एवढंच उरतं.