मोर्चा आधी, संघटना नंतर

१९६४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आवारात टेबलं मांडून राजकीय प्रचार करायला मनाई केली. १ ऑक्टोबरला पोलिसांनी एका कार्यकर्त्याला पकडून गाडीत बसवलं, तर विद्यार्थ्यांनी त्या गाडीलाच गराडा घातला. सुमारे ३२ तास ती जागची हलली नाही. तिच्या टपावरून भाषणं झाली. विद्यार्थी नेता मारिओ साव्हिओ तर गाडी खराब होऊ नये म्हणून बूट काढून चढला होता!

त्या काळी चळवळ म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, वसतिगृहांतल्या फेऱ्या आणि न संपणाऱ्या बैठका. काम कटकटीचं, पण कोण शब्दाला जागतो, वाटाघाटीला कुणाला पाठवावं, हे त्यातूनच कळायचं.

फेसबुक सुरू झालं २००४ मध्ये, तेही हार्वर्डच्या वसतिगृहात. २००६ मध्ये त्याने ‘न्यूज फीड’ आणलं, म्हणजे मित्रांच्या हालचाली आपोआप एका यादीत दिसू लागल्या, आणि विद्यार्थीच चिडले. निषेधाच्या गटात काही दिवसांत लाखो जण जमले. ज्या फीडला विरोध होता, त्याच फीडने ही बातमी घरोघर नेली, हे विशेष.

मेक्सिकोत मे २०१२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार पेन्या निएतो यांच्याविरुद्ध एका विद्यापीठात घोषणा झाल्या. हे खरे विद्यार्थीच नव्हेत, असा आरोप होताच १३१ जणांनी ओळखपत्रं दाखवत यूट्यूबवर उत्तर दिलं. ‘मी १३२वा’ म्हणत देशभरातले विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले. संघटना उभी राहिली ती यानंतर.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन विद्यापीठात ९ मार्च २०१५ला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्यावरून आंदोलन पेटलं; ९ एप्रिलला पुतळा हटवला गेला. त्याच वर्षी हॅशटॅगखाली देशभर पसरलेल्या आंदोलनामुळे पुढच्या वर्षीची फीवाढ सरकारला रद्द करावी लागली. गर्दी जमवणं सोपं झालं, हे खरं. मात्र तिच्या वतीने बोलायचं कुणी, हा वाद अनेक ठिकाणी गर्दी जमल्यावरच सुरू होतो.

विद्यापीठंही बदलली. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या आवारात शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी मिरपूड फवारल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. इंटरनेटवरची ही बदनामी झाकण्यासाठी विद्यापीठाने पुढे किमान १ लाख ७५ हजार डॉलर मोजले. विद्यार्थीही सावध झाले. मेक्सिकोत ओळखपत्रं पुढे केली गेली होती. २०२४ मध्ये गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकणाऱ्यांपैकी अनेकांनी नाव-फोटो पसरवले जातील या धास्तीने तोंडाला मास्क लावले.