बेळगावचा कावळा कुठल्या भाषेत बोलेल?

पितृपंधरवड्यात, म्हाळाच्या दिवशी, बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमची आत्या पान घेऊन स्लॅबवर जाते आणि चक्क ‘काव काव’ करून ओरडते. पलीकडच्या स्लॅबवर शेजारची कन्नड अज्जी ‘का का’ करत असते. कावळे दोघींकडेही येतात. वडा कुणाच्या पानात आहे, तेवढंच बघतात.

वर्षातून एकदा आपण कावळ्याची नक्कल करतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण 2025 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातला एक पाळीव कावळा ‘काका’, ‘बाबा’ म्हणतानाचा व्हिडिओ फिरला, तेव्हा आत्याने तो चारचारदा लावून बघितला. “कावळा बी बोलालाय की गा!”

बोलणार नाही तर काय? कावळा हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणगोतातला. चिमणी, साळुंकी, दयाळ यांचा भाऊबंद. गंमत अशी, की जिच्या गळ्याचं आपण कौतुक करतो ती कोकिळा या कुळात बसत नाही. तिचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, दिवसभर कावकाव ऐकतं, कावळिणीच्या चोचीतून घास खातं, आणि नर असेल तर मोठा होऊन बिनचूक ‘कुहू’ करतो. ते त्याला जन्मतःच येतं. कोंबड्यालाही आरवायला कुणी शिकवत नाही. ऐकून आवाज शिकण्याची विद्या पक्ष्यांत मुख्यतः तिघांकडे: गाणारे पक्षी, पोपट आणि अमेरिकेतले इवले हमिंगबर्ड. त्या विद्येच्या हिशेबाने कावळा पंडित आणि कोकीळ पाठांतरवाला. पाठांतर तरी कसलं, पोटातूनच पाठ करून आलेला.

बोलायचं यंत्रही वेगळं. आपला आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांची शब्दिनी, म्हणजे सिरिंक्स, पार खाली असते, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. त्या जागेचे पातळ पडदे हवेने थरथरतात, बारीक स्नायू त्यांना ताणतात, सैल सोडतात. म्हणून पाखराची जीभ चिरली की ते बोलायला लागतं, ही समजूत साफ खोटी आहे, आणि क्रूरही. ‘बाबा’ म्हणताना आपले ओठ दोनदा मिटतात. आरशात बघा. कावळ्याला ओठच नाहीत. तो त्या आवाजाचा चढउतार आणि मधली खाच तेवढी पकडतो. राहिलेलं आपला कान भरून घेतो.

मग गल्लीतले कावळे का बोलत नाहीत? त्यांना गरजच काय! वळवाच्या पावसात घरट्यातून पडलेलं पिल्लू माणसांनी वाढवलं, तर त्याच्या लेखी गोतावळा म्हणजे तीच माणसं. मग त्यांचेच आवाज ते उचलतं.

आणि उचलतं ते बोलीसकट. पुढे 1973 मध्ये नोबेल मिळालेले ऑस्ट्रियाचे प्राणी-वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्याकडे एक कावळा होता. एकदा तो गायब झाला आणि बोट मोडून परत आला. आल्यावर खेड्यातल्या पोरांच्या गावठी जर्मनमध्ये एक नवंच वाक्य म्हणायला लागला. अर्थ साधारण असा, की याला सापळ्यात धरलं. त्याने आपली हकीकत सांगितली, असं वाटायचा मोह होतो. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, यातलंच ते. त्याने ऐकलेलं वाक्य ठेवून घेतलं, एवढंच मी म्हणेन.

कावळा आवाज नुसता ओकत नाही, हे मात्र नक्की. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात तीन कावळ्यांना खूण दाखवली किंवा ठराविक आवाज ऐकवला, की त्याप्रमाणे एक ते चार वेळा मोजून ‘काव’ करायला शिकवलं. ते संशोधन 2024 मध्ये प्रसिद्ध झालं.

आमच्या सीमाभागाला लागू पडणारा प्रयोग मात्र जपानचा. आपल्या डोमकावळ्याच्या जवळच्या नात्यातल्या कावळ्यांना 2020 च्या सुमारास तिथे जपानी आणि डच बोलणं ऐकवलं. रोज कानावर पडणाऱ्या जपानीकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. डच लागलं, की ते जास्त दखल घेत. शब्दांचा अर्थ कळायची गरज नाही, भाषेची चाल ओळखली की झालं.

येळ्ळूरच्या कावळ्याच्या कानावर एका स्लॅबवरून ‘जेवलास काय गा?’ येतं आणि दुसऱ्या स्लॅबवरून ‘ऊटा आयता?’ येतं. त्याला दचकायला दोन्हीतलं काही परकं नाही. आत्याला हे सांगितलं तर तिने भाकरीचा तुकडा कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, “आधी बोलू तर दे, मग भाषा बघू.” कावळा खाली उतरला, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, कारण मी तिथे रोजचा नाही. मग घशातल्या घशात एक बारीक कुर्रर्र केलं, तुकडा उचलला आणि अज्जीच्या पत्र्यावर जाऊन खात बसला.