धीर देणं आणि गप्प करणं

"काही होत नाही ताई, पॉझिटिव्ह राहा." रेडिएशनच्या मशीनवर काम करताना हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. म्हणणारा मनापासून म्हणतो, त्यामुळे त्याला टोकताही येत नाही. पण याला धीर देणं म्हणायचं सोडा. पेशंटपुरतं बघितलं तर हे गप्प करणं आहे.

धीर कसा द्यायचा ते कुणाला शिकवायला नको, आपल्या घराघरात आजारी माणसाभोवती तेच चालतं. बोलणारा डॉक्टर आहे, सिस्टर आहे की आमच्यासारखा टेक्नॉलॉजिस्ट, यानंही फार बिघडत नाही. बिघडतं ते एकाच जागी. पेशंटनं हळूच टाकलेलं वाक्य तुम्ही उचललंत की ओलांडून गेलात?

कारण "कॅन्सर परत येईल का?" असं सरळ विचारणारे थोडेच. स्तनाच्या कॅन्सरनंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला येणाऱ्या एक काकू. पंधरापैकी अकरावा दिवस. हात डोक्यावर घेऊन झोपलेल्या, मी छातीवरच्या शाईच्या खुणा लेसरच्या रेषेशी जुळवतोय, आणि त्या छताकडे बघत म्हणाल्या, "काल रात्रभर पाठ दुखत होती." माझा सहकारी लगेच म्हणाला, "वयानं होतं हो." झालं! पाठीचं निदान तपासल्याशिवाय आणि भीतीला उत्तरच नाही. मी विचारलं, "रात्रभर? मग काय काय आलं मनात?" थोडं थांबून म्हणाल्या, "नणंदेचं असंच सुरू झालं होतं. हाडात गेलं होतं."

इथे नेहमीचा आक्षेप येतो: असं विचारलं तर भीती वाढेल ना? अहो, ती रात्री दोन वाजता आलीच होती, आमची परवानगी न घेता. ऐकून घेतलं म्हणजे "हो, येईल परत" अशी कबुली दिली असं होत नाही. आणि "येणारच नाही" ही हमी जगातला कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही, हे पेशंटला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. हमीनं हायसं वाटतं ते पुढची कळ येईपर्यंत. मग पुन्हा हमी लागते, मग हमी म्हणून स्कॅन. काही त्रास नसताना 'मनाच्या शांतीसाठी' दर सहा महिन्यांनी पेट (PET) स्कॅन, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणारी तपासणी, करायला निघालेल्यांचा मला राग येतो. स्तनाच्या कॅन्सरच्या फॉलोअपला नियमित तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), एवढंच सर्वसाधारणपणे सांगितलेलं आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा: एवढं बोलत बसायला वेळ कुठे? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटानं मशीनवरच्याच लोकांसाठी 'क्यू' (KEW) नावाचं संवादाचं प्रशिक्षण आखलं. नो (Know), एनकरेज, वॉर्म्थ: माणूस जाणून घ्या, बोलतं करा, जिव्हाळा ठेवा. आम्हालाच का? तर डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटतो, आम्ही रोज भेटतो. त्यासाठी वेगळी खुर्ची लागत नाही. फक्त दाराच्या मुठीवर हात ठेवून "काही त्रास?" विचारू नका. त्याचं उत्तर "नाही"च येतं. पेशंट झोपण्याआधी, बसलेला असताना विचारा.

आणि ऐकून झाल्यावर हातात काहीतरी द्या. काकूंच्या पाठीचं त्यांच्या डॉक्टरांना मी त्याच दिवशी कळवलं. त्यांनी पाठ तपासली आणि काय झालं तर थांबायचं नाही ते सांगितलं: दोन-तीन आठवडे न थांबणारं, झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, नवी गाठ, विनाकारण लागणारा दम. बाकी दुखण्याची तारीख लिहून ठेवायची.

शेवटच्या दिवशी काकूंनी पर्समधून दुधाच्या हिशेबाची वही काढली. मागच्या पानावर दोन तारखा. "तिसरी लिहायची राहिली," म्हणाल्या, "की दुखलीच नाही, ते आता आठवत नाही."